कोलॅटरल नसा, १०० टक्के ब्लॉक आणि हार्टचं पंपिंग: ठाण्यातून सतत येणारे प्रश्न

मी कॅथ लॅबमध्ये (हार्टच्या नसांची अँजिओ काढतात, स्टेंट घालतात तिथे) टेक्निशियन आहे, २२ वर्षं झाली. राहते वसंत विहारला, सकाळी उपवनला चालायला जाते आणि तिथल्या ग्रुपवर कोणाच्या तरी अँजिओच्या रिपोर्टचा फोटो आला नाही असा आठवडा जात नाही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळे एकत्र लिहून काढले. मी डॉक्टर नाही, तुमच्या पेशंटचा निर्णय त्याच्या कार्डिओलॉजिस्टनीच घ्यायचा, पण रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ कळला की डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं जास्त कामी येतात हे मी रोज बघते.

१. रिपोर्टमध्ये "कोलॅटरल" लिहिलंय. हे नक्की काय असतं?

हार्टच्या स्नायूला रक्त देणाऱ्या मुख्य नसा तीन, डावीकडे एलएडी आणि सर्कमफ्लेक्स, उजवीकडे आरसीए. ह्या तिघींना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक वाटा असतात त्या कोलॅटरल. घोडबंदर रोड कापूरबावडीला तुंबला की आपण कोलशेत रोडनी ढोकाळी-ब्रह्मांडवरून पुढे निघतो ना, तसंच. मुख्य रस्ता मोकळा असतो तेव्हा आतल्या रस्त्याला कोणी विचारत नाही, तो तुंबला की तोच आधार. फक्त आतला रस्ता हायवेइतकी गाडी घेत नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा, प्र. ८ ला लागेल.

२. बाबांची एलएडी १०० टक्के बंद आहे आणि इकोमध्ये (हार्टच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे पंपिंग, ५५. दोन्ही खरं कसं असेल? एखादा रिपोर्ट चुकलाय का?

नाही, दोन्ही खरं असू शकतं आणि हा मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे. नस हळूहळू, वर्षानुवर्षं बंद होत गेली तर तेवढ्या वेळात कोलॅटरल रुंद होतात आणि शेवटी नस पूर्ण बंद होते तेव्हा पलीकडच्या स्नायूला दुसऱ्या बाजूनी रक्त मिळत असतं, स्नायू जिवंत राहतो, आकुंचन पावतो, म्हणून पंपिंग चांगलं. आम्ही टेबलवर हे डोळ्यांनी बघतो. डावीकडे डाय (एक्स-रेमध्ये नस दिसावी म्हणून सोडतात ते औषध) सोडला की एलएडी एका ठिकाणी तुटल्यासारखी संपते, मग उजव्या नसेत डाय सोडला की दोन-तीन ठोक्यांनंतर तीच एलएडी खालून वर, उलट्या दिशेनी भरायला लागते. इतक्या वर्षांनंतरही ते बघताना मी क्षणभर थांबते. तीन महिने किंवा त्याहून जास्त पूर्ण बंद असलेल्या नसेला डॉक्टर "सीटीओ" म्हणतात, रिपोर्टमध्ये ती तीन अक्षरं दिसली तर अर्थ हा.

आणि ईएफ ५५ म्हणजे "फक्त ५५ टक्के हार्ट चालतंय" असं नाही हो. एका ठोक्याला डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं गेलं तो आकडा. निरोगी माणसाचंही १०० कधीच नसतं, साधारण ५२-५४ पासून सत्तरीच्या थोडं पुढेपर्यंत नॉर्मल धरतात. तसंच एकाच पेशंटचा इको दोन ठिकाणी काढला तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज येतो, त्यामुळे ५५ चं ५० झालं म्हणून रात्रभर जागू नका.

३. ह्या नसा नवीन उगवतात की जन्मापासूनच असतात?

जन्मापासून असतात, पण केसासारख्या बारीक. १६६९ मध्येच रिचर्ड लोअर नावाच्या इंग्लिश डॉक्टरनी लिहिलं होतं की हार्टच्या नसा एकमेकींना मिळतात, पण पुढे कित्येक वर्षं ते मानायचं की नाही ह्यावर वाद चालला. १९६० च्या दशकात निरोगी माणसांच्या हार्टच्या शवविच्छेदनातून त्या स्पष्ट दाखवल्या गेल्या आणि मग तो वाद बराचसा मिटला.

मुख्य नस अरुंद झाली की तिच्या पुढे दाब कमी होतो, शेजारच्या नसेत दाब जास्त, ह्या फरकामुळे जोडवाटेतून रक्त जोरात वाहायला लागतं, त्या वाहण्याचा घासा आतल्या अस्तराला बसतो आणि त्याला प्रतिसाद म्हणून ती वाट रुंद होत जाते, भिंत जाड होते. ऑक्सिजन कमी पडला की अगदी सूक्ष्म केशवाहिन्या नव्याने फुटतात हेही खरं, पण ती वेगळी प्रक्रिया आहे आणि मोठं काम पहिलीचंच. ह्याला आठवडे-महिने लागतात. तासाभरात होणारी गोष्ट नाही.

४. इकोमध्ये "हायपोकायनेसिया" लिहिलंय. म्हणजे तो भाग मेला का?

मेला असंच नाही. हायपोकायनेसिया म्हणजे तो भाग कमी हलतोय. कमी हलण्याची कारणं तीन असू शकतात आणि तिन्हींचं पुढचं वेगळं असतं, म्हणून हा प्रश्न घाईत सोडू नका.

एक, स्नायू खरंच मेलाय आणि जागी व्रण आहे. तो परत येत नाही. दोन, अटॅक आला, नस वेळेत उघडली पण स्नायू अजून धक्क्यात आहे. हा काही दिवस-आठवड्यांत सावरतो, म्हणून अटॅकनंतर लगेच काढलेल्या इकोवर कायमचा शिक्का मारू नये. तीन, जो कोलॅटरलच्या विषयाला सगळ्यात जवळचा: रक्त जगण्यापुरतं मिळतंय पण काम करण्यापुरतं नाही, मग स्नायू आपलं काम कमी करून टिकून राहतो. घरात पैसा कमी झाला की खर्च आवरून घर चालवतात तसं. ह्याला डॉक्टर हायबरनेटिंग म्हणतात, अस्वल थंडीत झोपतं त्यावरून.

मेलेला की झोपलेला हे साध्या इकोवरून पक्कं सांगता येत नाही. त्यासाठी औषध देऊन केलेला स्ट्रेस इको, कार्डियाक एमआरआय, थॅलियम किंवा पेट स्कॅन करतात, एकत्रित नाव "व्हायबिलिटी टेस्ट". पुढचं प्र. १५ मध्ये.

५. सगळ्यांना सारख्याच असतात का?

अजिबात नाही. ज्यांच्या नसांमध्ये ब्लॉकच नाही अशा लोकांमध्येही साधारण चारातल्या एकाच्या कोलॅटरल इतक्या चांगल्या असतात की मुख्य नस एक मिनिट फुग्याने बंद केली तरी ईसीजी बदलत नाही. बाकी तिघांना ते नशीब नाही. प्राण्यांमध्ये तर फरक टोकाचा, गिनीपिगच्या हार्टला एवढ्या जोडवाटा की मुख्य नस बांधली तरी स्नायू मरत नाही, डुकराला जवळजवळ नाहीतच. माणूस मधे कुठेतरी, आणि प्रत्येकजण वेगळ्या जागी.

डायबेटिसबद्दल खूप जण विचारतात. बऱ्याच अभ्यासांत डायबेटिसवाल्यांच्या कोलॅटरल कमी भरलेल्या दिसल्यात, काहींत फरक दिसला नाही. माझं म्हणणं, डायबेटिस असेल तर "माझ्या कोलॅटरल असतील" ह्या भरवशावर राहूच नका.

६. "ग्रेड ३ कोलॅटरल" असं लिहिलंय. ग्रेड ३ म्हणजे ब्लॉकसारखं वाईट का?

उलट, हे चांगलं आहे. हे रेन्ट्रॉप ग्रेडिंग, १९८५ पासून वापरतात. ० म्हणजे काहीच दिसत नाही, १ म्हणजे फक्त फांद्या भरल्या, २ म्हणजे बंद नस थोडी भरली, ३ म्हणजे बंद नस पूर्ण भरली. "रेट्रोग्रेड फिलिंग" म्हणजे उलट्या दिशेनी भरणं, प्र. २ मध्ये सांगितलं तेच. मागच्या वर्षी पाचपाखाडीच्या एका काकूंनी "ग्रेड थ्री" वाचून कॅन्सरच्या स्टेजसारखं समजून दोन रात्री रडून काढल्या, कोणीतरी एक वाक्य समजावलं असतं तर बरं झालं असतं.

७. इकोमध्ये किंवा सीटी अँजिओमध्ये कोलॅटरल दिसतात का?

इको आणि ईसीजीत नाही. सीटीमध्ये ब्लॉकच्या पुढची नस भरलेली दिसते त्यावरून अंदाज येतो, पण रक्त कुठून कुठे जातंय ते नीट बघायला कॅथेटरवालीच अँजिओ लागते. आणि तिथेही फार बारीक वाटा दिसत नाहीत, म्हणजे "दिसल्या नाहीत" चा अर्थ "नाहीतच" असा होत नाही.

८. डॉक्टर म्हणाले कोलॅटरल छान आहेत. मग स्टेंट-बायपास काही नको ना?

इथे थोडं थांबून वाचा. कोलॅटरल छान असणं ही चांगली बातमी आहेच. २०१२ मध्ये १२ अभ्यास आणि साडेसहा हजारांवर पेशंट एकत्र करून बघितलं तर चांगल्या कोलॅटरलवाल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ३६ टक्के कमी होता. पण प्र. १ मधला कोलशेत रोड आठवा. दुपारी तीन वाजता मस्त, संध्याकाळी सात वाजता तोही भरलेला. हार्टचं तसंच, बसलेलं असताना कोलॅटरल पुरतात, जिना चढताना हार्टला कितीतरी जास्त रक्त लागतं आणि तेव्हा कमी पडतात. पूर्ण बंद नसेच्या पुढचा दाब वायर टाकून मोजला तर कोलॅटरल कितीही चांगल्या असल्या तरी जोर पडल्यावर तो जवळजवळ सगळ्याच पेशंटमध्ये कमी भरतो. म्हणजे विश्रांतीचा इको नॉर्मल आणि चालताना छातीत दडपण, हे एकाच माणसात असू शकतं.

म्हणून "नस बंद आहे, उघडा" हे जसं आपोआप ठरत नाही तसंच "कोलॅटरल आहेत, सोडा" हेही नाही. पूर्ण बंद नसा उघडण्याबद्दल चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास आहेत. २०१८ च्या युरोपातल्या अभ्यासात नस उघडलेल्यांचं छातीचं दुखणं कमी झालं, रोजचं जगणं सुधारलं. कोरियातल्या आठशेच्यावर पेशंटच्या अभ्यासात (२०१९) मृत्यू आणि अटॅक ह्यात फरक दिसला नाही. दोन्ही मिळून मला समजतं ते असं, की औषधं नीट चालू असूनही त्रास होत असेल तर उघडण्याला अर्थ आहे, आयुष्य वाढवायला म्हणून करायचं असेल तर डॉक्टरांना नीट विचारा. लेफ्ट मेन (डावीकडच्या दोन्ही नसा जिच्यातून फुटतात ती) किंवा तिन्ही नसांचा आजार असेल, पंपिंग कमी असेल, तर हिशोब वेगळा, प्र. १४ आणि १५ बघा.

आणि एक विनंती, घरच्या माणसाला "तुला त्रास होतो का" असं विचारू नका, तो नाहीच म्हणणार. "गेल्या वर्षी स्टेशनचा पूल एका दमात चढायचास, आता मधे थांबतोस का" असं विचारा. खूप लोक नकळत आपलं चालणं कमी करतात आणि म्हणतात मला काही होत नाही.

९. चालल्याने कोलॅटरल वाढतात का? किती चालायचं?

वाढतात, ह्याला आधार आहे. २०१६ मध्ये जर्मनीतला एक अभ्यास आला, ६० पेशंट, चार आठवडे रोज देखरेखीखाली व्यायाम, आणि कोलॅटरलचा प्रवाह मोजणारा आकडा साधारण ४० टक्क्यांनी वाढला. जोरात व्यायाम करणारे आणि मध्यम करणारे, दोघांचा जवळपास सारखाच, ज्यांनी केला नाही त्यांचा तिथेच राहिला. पण खरी गोष्ट ही की मध्यमवाल्यांनी आठवड्याला १५ तास व्यायाम केला होता! तलावपाळीला एक चक्कर मारून भेळ खाऊन येणं ह्यात बसत नाही.

कल्पना फार जुनी आहे. अंजायनाचं (हार्टला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचं) वर्णन १७७२ मध्ये छापणाऱ्या विल्यम हेबर्डननी एका पेशंटची नोंद केलीये, रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. काहींना सुरुवातीला छातीत भरून येतं, थांबले की जातं, आणि परत चालायला लागले की तेवढ्याच चालीला येत नाही, त्यामागेही कोलॅटरल उघडणं हे एक कारण धरतात. पण म्हणून दुखत असताना रेटून चालायचं नाही, कधीच नाही.

किती चालायचं हे आधी स्ट्रेस टेस्ट करून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मग सपाट जागा निवडा, उपवन, कचराळी, नवी मुंबईत असाल तर पाम बीचच्या बाजूचे जॉगिंग ट्रॅक. येऊरचा चढ पहिल्या महिन्यात नको. बोलत बोलत चालता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. खिशात सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी) आणि फोन.

१०. ईईसीपी म्हणजे "नॅचरल बायपास" अशी जाहिरात बघितली. ३५ सिटिंगमध्ये ब्लॉक जातात म्हणे?

ब्लॉक जात नाहीत. हे मी अगदी स्पष्ट लिहिते कारण माझ्या सख्ख्या मामांचं झालंय. पायांना पट्टे बांधून हार्टच्या विश्रांतीच्या वेळी हवा भरून रक्त वर ढकलतात, रोज तासभर, ३५ सिटिंग. उपचार खोटा नाही. १९९९ च्या अभ्यासात अंजायनाचे झटके कमी झालेले दिसले, आणि लहान अभ्यासांत कोलॅटरलचा प्रवाहही थोडा वाढलेला दिसलाय. गाइडलाइनमध्ये जागा आहे ती अशा पेशंटसाठी ज्यांचा त्रास औषधं, स्टेंट, बायपास सगळं करून जात नाही, आणि तीही "विचार करता येईल" एवढीच. बायपासच्या बदल्यात नाही.

मामांना एका सेंटरमध्ये सांगितलं गेलं की आता गोळ्यांची गरज नाही. त्यांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही बंद केलं, पाच महिन्यांनी अटॅक आला. वाचले, पण ईएफ ५० वरून ३५ वर आलं. गोळ्या बंद करायला सांगणारा कोणीही असो, आधी स्वतःच्या कार्डिओलॉजिस्टला फोन करा.

११. कोलॅटरल वाढवायची गोळी, इंजेक्शन किंवा काढा आहे का?

नाही. २००० सालाच्या आसपास नसा वाढवणारी प्रोटीन पेशंटना देऊन मोठे प्रयत्न झाले, खोटं औषध दिलेल्या गटापेक्षा ठोस फायदा दिसला नाही. लसूण-आलं-लिंबाचा तो फॉरवर्ड होणारा काढा नसा उघडत नाही.

१२. शेजारच्या ३८ वर्षांच्या मुलाला ५० टक्के ब्लॉकवर अटॅक येऊन गेला, आणि आमचे आजोबा तीन ब्लॉक घेऊन ८० चे झाले. असं कसं?

कारण अटॅक बहुतेक वेळा ब्लॉकच्या टक्केवारीमुळे येत नाही, साठलेल्या चरबीचं आवरण अचानक फाटतं आणि त्यावर गुठळी होते म्हणून येतो. ५० टक्के ब्लॉक रक्त फारसं अडवत नाही, दाबात फरक नाही, म्हणून कोलॅटरल वाढायला निमित्तच मिळालेलं नसतं (प्र. ३). आणि मग पाच मिनिटांत ५० चे १०० होतात, स्नायू आतल्या थरापासून बाहेरच्या दिशेनी मरायला लागतो. आजोबांना त्यांच्या नसांनी वीस वर्षं वेळ दिला. त्या मुलाला काहीच दिला नाही. त्याच्या आईला हे कसं सांगायचं ते मला आजही कळत नाही.

१३. बंद नस स्टेंटनी उघडली तर कोलॅटरल निघून जातात का?

नाहीशा होत नाहीत, पण झोपतात. समोरून रक्त यायला लागलं की दाबातला फरक संपतो आणि काही महिन्यांत त्या आकसतात. पुढे तोच स्टेंट अचानक बंद पडला तर आधीच्या ताकदीनं लगेच उघडतील ह्याची खात्री नाही. म्हणजे ज्या बंद नसेवर माणूस दहा वर्षं निवांत होता तीच उघडल्यानंतर परत बंद झाली तर अटॅक येऊ शकतो. म्हणून स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, सांगितलेले महिने, एकही दिवस न चुकवता. दाताच्या डॉक्टरनी बंद करायला सांगितलं तरी आधी विचारा.

१४. एलएडी बंद, तिला आरसीएमधून रक्त, आणि आरसीएमध्ये ७० टक्के ब्लॉक. एकच स्टेंट सांगितलाय, मग एवढं गंभीर का बोलतात?

कारण ती आरसीए आता दोन घरं चालवतेय. स्वतःचा भाग आणि एलएडीचा भाग. ती अचानक बंद पडली तर हार्टचे दोन मोठे भाग एकदम उपाशी. अशा देणाऱ्या नसेत काम करताना टेबलवर आम्ही सगळेच जास्त सावध असतो, फुगा फुगवला की दोन्हीकडचं रक्त थांबतं, कधी बीपी एकदम खाली येतं. त्यामुळे डॉक्टरांनी बायपासचा पर्याय समोर ठेवला, किंवा सर्जनशी बोलून सांगतो म्हणाले, तर ते तुम्हाला घाबरवत नाहीयेत. हा प्रश्न रिपोर्ट घेऊन नक्की विचारा: "बंद नसेला रक्त कोण देतंय आणि ती नस कशी आहे?"

१५. ईएफ ३० आहे. बायपास किंवा स्टेंट केला तर वाढेल का?

काहींचं वाढतं, सगळ्यांचं नाही. स्नायू जिवंत असेल (प्र. ४) तर आशा जास्त. ईएफ ३५ किंवा कमी असलेल्या १२१२ पेशंटचा एक मोठा अभ्यास आहे, दहा वर्षांत बायपास गटात ५८.९ टक्के गेले आणि फक्त औषधांच्या गटात ६६.१, म्हणजे बायपासचा फायदा आहे पण तो वर्षांनी दिसतो आणि ऑपरेशनचा धोका आधी पत्करावा लागतो. स्टेंटचं तसंच होईल असं वाटलं होतं, २०२२ मध्ये ७०० पेशंटच्या अभ्यासात जिवंत स्नायू असूनही स्टेंटनी मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरचं अ‍ॅडमिशन कमी झालं नाही. तेव्हा वय, किडनी, शुगर सगळं बघून ठरतं. हार्ट फेल्युअरच्या गोळ्या मात्र सगळ्यांनाच लागतात आणि त्यांनीही ईएफ वाढतं, हे लोक विसरतात.

१६. कोलॅटरल चांगल्या आहेत, तर रात्री छातीत दुखलं तर सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

नाही. बसा, डॉक्टरांनी दिलेली असेल तर सॉर्बिट्रेट जिभेखाली (गेल्या एक-दोन दिवसांत व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर नाही, आणि हे इमर्जन्सीत न लाजता सांगायचं), पाच मिनिटांत गेलं नाही तर १०८. स्वतः गाडी चालवत निघू नका. जिथे चोवीस तास अँजिओप्लास्टी होते असं जवळचं हॉस्पिटल कोणतं हे आजच बघून ठेवा, रात्री दोन वाजता कापूरबावडीला उभं राहून गूगल करायची वेळ येऊ नये.

१७. सेकंड ओपिनियनला काय न्यायचं?

अँजिओची सीडी. फक्त कागद नको, कोलॅटरल कागदावर दिसत नाहीत, हलत्या चित्रातच दिसतात. सोबत जुना आणि नवा इको दोन्ही, चालू गोळ्यांची यादी, आणि किती चालल्यावर काय होतं हे दोन ओळींत लिहून. सीडी मागायचा तुम्हाला हक्क आहे, डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या, नंतर चकरा होतात.